एकट्याची सॅक: रायगडच्या किनाऱ्यावर दिवसभराच्या भटकंतीसाठी

सागरगड, कनकेश्वर, अवचितगड, बिरवाडी, घोसाळगड, तळगड, कोर्लई. रायगडच्या किनारपट्टीतले हे डोंगर नि किल्ले उंचीला बेताचे. सकाळी चढायचे, दुपारच्या जेवणाला खाली यायचे. घाटमाथ्यावर कसलेले ट्रेकर याला ट्रेक म्हणायलाही तयार होत नाहीत. पण आडवारी गेलात तर यांतल्या बऱ्याच ठिकाणी सबंध दिवसात एखादा गुराखी भेटला तर भेटला. पावसाळा सरल्यावर कमरेएवढ्या गवतात वाट बुडते, डोंगराच्या एका अंगाला मोबाइलची रेंज जाते आणि पाय मुरगळून बसलात तर दिवेलागणीपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. एकट्याने जाणाऱ्याने डोंगराची उंची बघू नये. आपल्यापर्यंत माणूस किती वेळात पोचेल, ते बघावे.

जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ मुंबईची एक तरुणी सुमारे तीनशे फूट खोल कोसळली. ती एकटी नव्हती, मित्रमैत्रिणी जवळच होत्या. खबर लगेच गेली, स्थानिक बचाव पथके आली, तटरक्षक दलाची मदत आली, तरी तिला वर काढायला सहा तासांच्या आसपास लागले. तिचा जीव वाचला नाही. सगळ्यांनी शर्थ केल्यावर एवढा वेळ लागतो. बरोबर कोणी नसेल, पडल्याची खबरच कोणाला नसेल, तर हे घड्याळ सुरू कधी होणार?

म्हणून दुकानात शिरण्याआधी प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत. ही मला पडण्यापासून वाचवील का? पडलोच तर शोधणाऱ्यांचे काम सोपे करील का? आणि ते येईपर्यंत मला तगवील का? तिन्हींना उत्तर ‘नाही’ आले तर ती वस्तू हौसेची समजावी. हौसेला माझी हरकत नाही, पण तिचे वजन पाण्याच्या बाटलीतून वजा होता कामा नये.

इंटरनेटवर सापडणाऱ्या बहुतेक याद्या थंड मुलखातल्या आहेत. त्यांत बर्फातली काठी असते, अस्वलासाठी फवारा असतो आणि सगळ्यात वर असते उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र. हे यंत्र वाचायला फार मोहक वाटते. रेंज नसली तरी बटण दाबा, कोणीतरी येईल. परदेशातला भाचा येताना घेऊनही येईल. आणू देऊ नका. परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा असे संदेशयंत्र बाळगणे आपल्या देशात बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटूला गार्मिनच्या अशाच छोट्या यंत्रापायी ताब्यात घेतले गेले होते. रायगडच्या किनाऱ्यावर तर हा विषय आणखी नाजूक. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचे आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एके-४७ रायफली असलेली बेवारस बोट लागली आणि जिल्हाभर नाकाबंदी झाली. अनोळखी एकटा माणूस आणि त्याच्या हातात अँटेनावाले यंत्र ही जोडी इथल्या सागरी पोलिसांना आवडणारी नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. ओळखपत्राची प्रत मात्र खिशात ठेवावी, कारण गावकरीही हटकतात. मच्छीमारांच्या बोटींसाठी इस्रोने संकटाचा संदेश देणारे यंत्र तयार केले आहे. डोंगरात पायी फिरणाऱ्यासाठी तशी सोय नाही. तेव्हा आपली भिस्त मोबाइल, शिट्टी, विजेरी आणि गावातल्या माणसांवर.

यादीतली पहिली वस्तू कागदाची आहे. वहीच्या एका पानावर लिहा: कोणत्या गावातून चढणार, कोणत्या वाटेने, उतरणार कुठे, गाडी किंवा दुचाकी कुठे लावली आहे, अंगावर कोणत्या रंगाचा शर्ट आहे, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर हालचाल सुरू करायची. हे पान घरी किंवा एखाद्या भरवशाच्या मित्राकडे राहिले पाहिजे. शेवटची ओळ सर्वांत मोलाची. ‘संध्याकाळपर्यंत येतो’ याला अर्थ नाही, ‘साडेचारला फोन करीन, सहापर्यंत आला नाही तर ११२ ला कळव’ याला आहे. घरचे लोक काळजीने लवकर फोन करतात हा गैरसमज आहे. ‘रेंज नसेल, येईल आत्ता’ असे म्हणत ते रात्रीचे दहा वाजवतात आणि तोवर अंधार पडून शोध सकाळवर जातो. त्यांना वेळ ठरवून दिली की ही घालमेल उरत नाही.

दुसरा निरोप पायथ्याच्या गावात. अलिबागजवळच्या खंडाळ्याहून सागरगडाला निघताना, मेढ्याहून अवचितगडाला निघताना शेवटच्या घरी किंवा चहाच्या टपरीवर सांगून जा. फक्त ‘गडावर चाललोय’ एवढे सांगू नका, दादांना किंवा मावशींना वाट विचारा. विचारताना कळते की अलीकडची वाट वणव्यानंतर बुजली, टाक्याचे पाणी आटले, वरच्या कड्याला आग्या मोहोळ बसले आहे. एवढी ताजी माहिती कोणत्याही नकाशात नसते. शिवाय चेहरा लक्षात राहतो. डोंगरात हरवलेल्याला शोधायला पहिल्यांदा निघतात ती हीच माणसे, पथके नंतर येतात. ठाकूर आणि कातकरी वाड्यांतल्या लोकांना ज्या वाटा ठाऊक आहेत त्या आपल्याला जन्मात कळायच्या नाहीत.

आता मोबाइल. इथल्या डोंगरांत वाट चुकते ती बहुधा ढोरवाटांमुळे. गुरांच्या पायांनी पडलेल्या या वाटा मुख्य वाटेइतक्याच ठसठशीत दिसतात आणि करवंदीच्या जाळीत नेऊन सोडतात. चढताना सगळ्या वाटा वर एकत्र येतात म्हणून चूक लक्षात येत नाही. उतरताना त्या फाटतात आणि तिथे फसगत होते. यावर दोन उपाय. एक, घरूनच त्या भागाचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि चालायला लागताना आपला माग नोंदवणारे ॲप चालू करा. जीपीएसला रेंज लागत नाही, उघडे आकाश लागते, त्यामुळे रेंज नसलेल्या खोऱ्यातही माग उमटत राहतो आणि परतताना त्याच रेघेवरून येता येते. दुसरा उपाय फुकटचा. प्रत्येक फाट्यावर मागे वळून, आलेल्या दिशेचा एक फोटो काढा. परतताना वाट तशीच दिसणार आहे.

रेंज शोधत राहिलेला मोबाइल बॅटरी झपाट्याने खातो. रेंज नसलेल्या भागात तो विमानाच्या मोडवर टाकावा. माग तरीही नोंदला जातो. दहा हजार एमएएचची पॉवर बँक एका दिवसाला पुरून उरते. तिची वायर वेगळ्या कोरड्या पिशवीत ठेवा, कारण पॉवर बँक असून वायर ओली असलेले लोक पुष्कळ भेटतात. दोन सिम घालता येत असतील तर दोन वेगळ्या कंपन्यांची घाला. निघण्यापूर्वी गावात विचारा, इथे कोणाचे नेटवर्क चालते. फोन लागत नसला तरी साधा एसएमएस कधीकधी निघून जातो, म्हणून संकटात आधी तो पाठवावा: कुठे आहे, काय झाले, बॅटरी किती उरली. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक, १०८ रुग्णवाहिका, समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४. आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून ११२ लागण्याची शक्यता असते, तेव्हा ‘रेंज नाही’ दिसले तरी लावून पाहावा. राज्यातल्या गिर्यारोहकांनी उभारलेले महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर ठिकठिकाणच्या बचाव पथकांना जोडते. त्याचा हेल्पलाइन क्रमांक घरी ठेवलेल्या त्या पानावर लिहून ठेवा, नुसता आपल्या मोबाइलमध्ये नको. संकटात मोबाइल आपल्याबरोबर दरीत असतो.

शिट्टी घेताना आत गोटी नसलेली घ्या. गोटीची शिट्टी पाणी किंवा माती गेली की अडकते. सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला हल्ली जी शिट्टी जोडून येते ती बारीक आवाजाची असते, तिच्यावर विसंबू नका. ओरडून घसा पंधरा मिनिटांत बसतो, शिट्टी तासन्‌तास वाजवता येते. मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचे, पुन्हा सहा, ही जगभरच्या डोंगरांतली संकटाची खूण आहे. आपल्याकडच्या गुराख्याला ती ठाऊक नसेल, पण ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारा आवाज ऐकून तो थबकेल हे नक्की. शिट्टी गळ्यात असावी. सॅकमध्ये ठेवलेली शिट्टी सॅक घरंगळून गेली की तिच्याबरोबर जाते.

विजेरी म्हणजे डोक्याला बांधायची, मोबाइलचा दिवा नव्हे. मोबाइलच्या दिव्याने बॅटरी जाते आणि एक हात अडकतो. उतारावर दोन्ही हात मोकळे हवेत. ‘दिवसाचाच ट्रेक आहे’ म्हणून विजेरी न घेणे ही सगळ्यात सार्वत्रिक खोड. डिसेंबरात अलिबागेला सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि दाट झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच पायाखालचे दिसेनासे होते. दोन-अडीचशे ल्युमेनची विजेरी पुरते. जाहिरातीतल्या हजारांच्या आकड्यांना भुलू नका. पाहायचे ते असे: सॅकमध्ये आपोआप चालू होऊ नये म्हणून बटणाला कुलूप आहे का, सेल बदलता येतात का, आणि डबीवर निदान आयपीएक्स४ लिहिले आहे का. चार म्हणजे शिंतोडे सोसणारी, सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तगणारी. पावसाळ्यात फिरणाऱ्याने साताची घ्यावी.

किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा शत्रू ऊन आहे, आणि याचा विसर पडतो कारण समुद्र दिसत असतो, वारा लागत असतो. १६ एप्रिल २०२३ रोजी याच जिल्ह्यात, खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभात उष्माघाताने १४ जण दगावले. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण कोकणच्या दमट हवेत घाम येतो आणि वाळत नाही. घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. वर चढाई म्हणजे शरीर आतूनही तापत असते. उष्माघातात डोके काम करेनासे होते, आणि एकट्या माणसाला आपले डोके चालत नाही हे सांगणारे कोणी नसते. म्हणून अंगाला काय वाटते यावर निर्णय सोडायचा नाही. घड्याळ आणि बाटली यांच्यावर सोडायचा. फेब्रुवारीच्या शेवटापासून पुढे उजाडताना चढायला लागा आणि अकराच्या आत खाली या. माणशी तीन लिटर पाणी हे कमीत कमी, उन्हाळ्यात चार. निम्मे पाणी संपले की जिथे असाल तिथून परत फिरा, गडाचा दरवाजा समोर दिसत असला तरी. टाक्यातल्या पाण्याच्या भरवशावर कमी पाणी नेऊ नये. ते प्यायचीच वेळ आली तर क्लोरीनच्या गोळ्या जवळ असाव्यात.

ओआरएसची दोन पाकिटे न्या. दुकानात ओआरएससारखी दिसणारी गोड, रंगीत पेयेही मिळतात, पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिले आहे का ते वाचून घ्या. एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचे. अर्धे पाकीट ग्लासभर पाण्यात घालून अंदाजाने पिऊ नये. डोक्याला रुंद काठाची टोपी किंवा सुती पंचा. भिजवून मानेवर टाकलेला पंचा कोणत्याही महागड्या ‘कूलिंग टॉवेल’इतकेच काम करतो. पुढे तोच हात गळ्यात अडकवायला, मोडलेल्या पायाला काठी बांधायला, मधमाश्या उठल्या तर तोंड झाकायलाही लागतो. सॅकमधली बहुगुणी वस्तू कोणती असे कोणी विचारले तर मी पंचाचेच नाव घेईन.

बूट. यावर लोक सर्वांत जास्त पैसे घालतात आणि बरेचदा चुकीच्या जागी. पाणी आत येऊ न देणारे बूट बर्फाच्या प्रदेशात ठीक. कोकणातल्या पावसात ओढा ओलांडताना पाणी वरून घोट्यातून आत शिरते आणि मग ते बाहेरही जात नाही. दिवसभर पाय त्या डबक्यात. त्यापेक्षा जाळीचे, लगेच निथळणारे बूट चांगले. तळ मऊ रबराचा हवा. कडक तळाचा बूट कोरड्या मुरमाच्या घसाऱ्यावर चालून जातो, शेवाळलेल्या कातळावर साबणासारखा सरकतो. दुकानातल्या फरशीवर थोडे पाणी सांडून उभे राहून बघा, दुकानदार ओरडला तर ओरडू दे. सह्याद्रीतल्या ट्रेकरांच्या कित्येक पिढ्या ॲक्शन कंपनीच्या स्वस्त ‘ट्रेकिंग’ बुटांवर वाढल्या, ते काही उगाच नाही. बूट कितीही भारी असले तरी कपाटात दोन पावसाळे पडून असतील तर आधी घराभोवती चालवून पाहा. दमट हवेत तळातला फोम आतून कुजतो, वरून बूट कोरा दिसतो आणि गडाच्या निम्म्या वाटेवर तळ सुटून येतो. अशा वेळी प्लास्टिकचे चार झिप टाय आणि दोन मीटर नाडी कामाला येते. वजन नगण्य, जरूर न्या.

काठी हवीच. बाजारातली घडीची असो की गावातून मागून घेतलेली बांबूची. ती गुडघ्याचा भार कमी करते, ओढ्याची खोली मोजते, वाडीतल्या कुत्र्यांना लांब ठेवते (बिबट्याची धास्ती घेऊन निघालेल्यांना प्रत्यक्षात कुत्रीच भेटतात) आणि गवतात पाय टाकण्याआधी गवत हलवते. कोकणातल्या सड्यांवर फुरसे हा साप मोठ्या संख्येने आहे. वीतभर-दीड वीत लांबीचा, मातकट, दगडाखाली बसणारा. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. घोट्याच्या वर येणारे मोजे, जाड कापडाची पूर्ण पँट आणि काठी, सापापासूनचे संरक्षण एवढेच. दगडाच्या फटीत, तटाच्या भेगेत न बघता हात घालू नका.

चावलाच तर काय न्यावे यापेक्षा काय नेऊ नये हे आधी सांगतो. विष ओढून काढणारा म्हणून विकला जाणारा पंप घेऊ नका. तो विष काढत नाही, वेळ मात्र काढतो. ब्लेड नको, आवळपट्टी नको. घरी प्रतिविषाची बाटली ठेवण्याचा विचारही नको, ते फक्त रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे औषध आहे. चावल्यावर अंगठी, घड्याळ, कडे काढा, तो अवयव मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवा, वेळ पाहून ठेवा, फोन करा. मदत येण्याची शक्यता असेल तर बसून राहा. नाइलाजच असेल तर हळूहळू, थांबत थांबत जवळच्या वाडीकडे उतरा, धावू नका. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. रोहा, माणगाव, श्रीवर्धनला उपजिल्हा रुग्णालये आहेत. निघण्यापूर्वी आपल्या वाटेला कोणते जवळ, हे पानावर लिहून ठेवावे. आणि विंचवाच्या बाबतीत तर या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडते हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरू केलेल्या कामातूनच जगासमोर आले. ते औषध आपल्या आपण घ्यायचे नाही. त्यातून घ्यायचा बोध इतकाच, की मंत्र, पाला, चुना यांत तास घालवायचा नाही. विसाव्याला काढलेले बूट नि उघडी ठेवलेली सॅक झटकून मगच घाला.

समुद्राकडची गोष्ट वेगळी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, हरिहरेश्वराची प्रदक्षिणा कातळाच्या कडेने समुद्रालगत जाते. दोन्ही ठिकाणी लागणारे सुरक्षिततेचे साधन म्हणजे गजर असलेले हातातले साधे घड्याळ. कोळी लोकांचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्याच्या साधारण सहा तास पुढेमागे पूर्ण ओहोटी. हा अंदाज झाला, त्या दिवसाची नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी आणि किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारून खात्री करावी. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा, घड्याळात गजर लावा आणि पाणी वळायच्या वेळेला परतीच्या वाटेवर असा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी वेगाने नि उंच चढते, पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर साडेचार मीटरच्या वर जाते. गुडघाभर पाण्यातून ‘पटकन’ परतायचा मोह होतो, पण भरतीच्या ओढीत गुडघाभर पाणीही पाय उचलते. तसे अडकलात तर किल्ल्यातच थांबा. पुढच्या ओहोटीपर्यंत उपाशी राहून कोणी मरत नाही. मुरूडच्या समुद्रात १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. बरोबर एवढी मंडळी असून हे झाले. एकट्याने इथल्या पाण्यात पोहायला उतरू नये, या नियमाला अपवाद नाही. हरिहरेश्वरला भरतीत किंवा पावसाळ्यात प्रदक्षिणेला जाऊ नका. तिथल्या लाटेपुढे कोणतेही सामान चालत नाही.

पावसाळ्याचे एकट्याचे ट्रेक मी सुचवणार नाही. सामान कितीही असो. ओढा अर्ध्या तासात चढतो, परतीची वाट तोडतो. शिवाय जिल्हा प्रशासन देवकुंडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात बंदी घालते, ती मोडून गेलेल्याला शोधायला जाणाऱ्यांचाही जीव धोक्यात येतो. मे अखेर आणि ऑक्टोबरात दुपारच्या विजा असतात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये असू द्या, आणि ढग गडगडले की उघड्या सड्यावरून खाली या. सॅकच्या तळाशी एक मोठी, जाड, भडक केशरी किंवा पिवळी प्लास्टिक पिशवी घडी करून ठेवा. पाऊस आला की अंगावर, रात्र काढायची वेळ आली की अंगाखाली, आणि शोधणाऱ्यांना लांबून दिसायला झाडावर. परदेशी यादीतली चंदेरी पन्नी याच कामाची, पण खारा वारा तिच्या चिंध्या करतो. कपडेही भडक रंगाचे घाला. हिरवा, मातकट, लष्करी छापाचा शर्ट फोटोत छान दिसतो, दरीत पडल्यावर दिसत नाही.

प्रथमोपचाराच्या डबीत दहा सेंटिमीटर रुंदीचे क्रेप बँडेज, जंतुनाशक, गॉज, चिकटपट्टी, लहान कात्री, आपली रोजची औषधे आणि ॲलर्जी असेल तर त्यावरचे डॉक्टरांनी दिलेले औषध. बस. पंचवीस वस्तूंची तयार पेटी विकत घेऊन तिचे सील न उघडणारे लोक असतात. डबी आपण भरलेली असावी, म्हणजे कुठे काय आहे हे अंधारात हाताला कळते. खिशात एक चिठ्ठी: नाव, रक्तगट, आजार, दोन फोन नंबर. मोबाइलच्या लॉक पडद्यावरही हीच माहिती दिसेल अशी सोय असते, ती भरून ठेवा.

दोर नेऊ नका. एकट्या माणसाला दोराचा उपयोग जवळपास नाही, आणि दोर आहे म्हणून जिथे उतरू नये तिथे उतरायची बुद्धी होते. सागरगडाच्या वानरटिंगीकडे बघून अशी खुमखुमी अनेकांना येते. ते प्रस्तरारोहण आहे, त्याला संघ लागतो. फणसाड अभयारण्यातही एकटे भटकू नका. सुपेगावला वनखात्याकडे नोंद करून, वाटाड्या घेऊन जा. पेपर स्प्रे बाळगायला परवाना लागत नाही, एकट्या जाणाऱ्या मुलींना त्याने धीर येत असेल तर जरूर ठेवावा, पण तो हाताला येईल असा पट्ट्याला असावा आणि मुदत संपलेला नसावा. गावात सांगून निघण्याचा उपयोग मात्र याही बाबतीत त्याहून जास्त.

हा सगळा ऐवज पंचवीस-तीस लिटरच्या सॅकमध्ये बसतो, त्यात पाण्याचेच वजन सर्वांत जास्त असते. बूट सोडले तर खर्चही फार नाही. पैसे कमी असतील तर आधी विजेरी, मग शिट्टी, मग पॉवर बँक घ्या. बाकीचे घरात सापडेल. घेतल्यावर एकदा अंगणात, डोळे मिटून, सॅकमधून विजेरी काढून दाखवा स्वतःला.

आणि उतरल्यावर एसटी पकडायची घाई असली तरी पायथ्याच्या त्या घरी, टपरीवर आणि आपल्या घरच्या माणसाला ‘पोचलो’ एवढे कळवल्याशिवाय निघू नका. नाहीतर तुम्ही अलिबागेत जेवत असाल आणि गावातली माणसे विजेऱ्या घेऊन तुम्हाला डोंगरात शोधत असतील. पुढच्या खेपेला ती बाहेर पडायला कचरतील, आणि त्या दिवशी खरेच कोणी वर अडकलेले असेल.